शाळेतली कणसरी

झोळीतल्या बाळाला साताचा पाढा सर्वांत जास्त मानवतो, हे अध्यापनशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकात मला आढळले नाही. दोनाचा पाढा त्याला तुटक वाटतो, अकराचा उगाच उड्या मारतो. साताच्या पाढ्याला मात्र अंगचाच एक संथ हेलकावा आहे. ‘सात दुणे चौदा’ म्हणताना झोळी पुढे जाते, ‘सात त्रिक एकवीस’ म्हणताना मागे येते, आणि त्रेसष्टच्या आसपास झोळीतल्या मुठी सैल होतात. हे ज्ञान मला मोखाड्याच्या डोंगरातल्या एका दोन शिक्षकी शाळेत मिळाले. ते मिळवण्यासाठी आमच्या शाळेला आधी घर व्हावे लागले.

मी जव्हारच्या पेठेत वाढलेली. कवितांच्या वह्या आणि डी.एड.चे प्रमाणपत्र अशी शिदोरी घेऊन नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात मी करंजपाड्याच्या शाळेवर रुजू झाले. आमचा जिल्हा तेव्हा ठाणे होता. पाड्याला जायचे तर फाट्यापर्यंत एसटी, पुढे मिळाली तर जीप, नाहीतर पायवाट. पावसात त्या वाटेला कुडाच्या फुलांचा आणि कुजत्या पानांचा असा काही मिश्र गंध यायचा, की शाळा जवळ आल्याचे मला डोळ्यांआधी नाकाला कळायचे.

दोन शिक्षकी शाळा म्हणजे काय, हे शहरातल्या वाचकांना सांगायला हवे. एक कौलारू खोली, सागाच्या तुळया, चार भिंतींवर चार फळे आणि प्रत्येक फळ्यासमोर एक इयत्ता. एकीला गणित घालून दुसरीला वाचायला लावायचे, तिसरीला चित्र काढायला बसवायचे, आणि तेवढ्यात चौथीला खरोखरीचे काहीतरी शिकवून घ्यायचे. माझ्याबरोबरचे गुरुजी मोखाड्याकडच्या एका शेतकरी घरातले, मितभाषी आणि आवाजाने खणखणीत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितले, की इथे शिकवणे हे दुसऱ्या क्रमांकाचे काम आहे. पहिले काम म्हणजे मूल बसलेले राहील असे पाहणे. मला तो थोडा कडवट विनोद वाटला. पुढे कळले, की माणूस फक्त धंद्याची माहिती देत होता.

मुले शाळेत यायची, आनंदाने यायची. पण आई आवणीला, निंदणीला, सरपणाला गेली की घरातले सर्वांत लहान मूल सर्वांत मोठ्या मुलीच्या कडेवर यायचे, आणि ती मुलगी पटावरून हळूहळू पुसट होत जायची. त्या वर्षांत आमच्या भागातल्या बालमृत्यूंच्या बातम्या छापून येत. कुठल्या घरातले कुठले मूल कुठल्या पावसाळ्यात गेले, हे पाड्यावर प्रत्येकाला पाठ होते. अशा गावात तान्ह्याला टाकून शाळेत या, असे कुठल्या तोंडाने सांगणार?

सांगी चौथीत होती. अंगाने काटकुळी, केस करंजाच्या तेलाने चप्प बसवलेले, आवाज मात्र घुंगरासारखा. चौथी पार पडली की पुढे पाचवीला जव्हारकडच्या आश्रमशाळेत तिची सोय होणार होती. राहणे, जेवण, सगळे. त्यापुढच्या वाटा मला दिसत होत्या. तिची थोरली बहीण दुसरीतूनच गेली होती, आणि आता लग्न होऊन दरवर्षी नवऱ्याबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जात होती. सांगीचा धाकटा भाऊ लहानू तेव्हा जेमतेम रांगू लागला होता. त्यामुळे जूनपासून सांगीची चौथी खिडकीबाहेर भरू लागली.

ती गजांशी उभी राहायची, लहानू कडेवर. मी आत प्रश्न विचारला की उत्तर बाहेरून यायचे. लहानू रडला की ती त्याला घेऊन शाळेभोवती फेरी मारायची आणि पुन्हा खिडकीशी यायची. त्यामुळे प्रत्येक धड्याची सुरुवात आणि शेवट तिला ठाऊक, मधला भाग रडण्यात गेलेला. तो ती स्वतः रचायची. तिच्या धड्यातला राजा शिकारीला निघायचा, मधे त्याला खेकडे धरायला थांबावे लागायचे आणि मग तो राजवाड्यात परतायचा. पुस्तकातल्या राजापेक्षा तो मला जास्त विश्वासार्ह वाटे. पण चौथीची परीक्षा पुस्तकातल्या राजाची होती.

मी म्हटले, बाळाला आत घेऊन ये. ती आली. बाळ मांडीवर झोपेना, किरकिरू लागले, साऱ्या वर्गाचा सूर फाटला. बाळाला झोळी लागते, हे न कळण्याइतकी मी अडाणी नव्हते. वर सागाच्या तुळया होत्या, आणि माझ्याजवळ एक जुने सुती लुगडे होते. मी ते तुळईला बांधले आणि आपल्या कल्पकतेवर खूश होऊन खाली उभी राहिले. सांगीने झोळीकडे पाहिले, बाळाला छातीशी घट्ट धरले आणि ती बाहेर निघून गेली. दुसऱ्या दिवशी ती खिडकीशीही आली नाही.

तिची आई सोमी हिच्याकडे मी संध्याकाळी गेले. ती चुलीपुढे नाचणीची भाकर थापत होती. ओलसर धुराने झोपडी भरलेली. सोमी कमी बोलणारी बाई. तिने एवढेच सांगितले, की हे ठकी डोकरीला विचार.

ठकी डोकरी म्हणजे पाड्याची म्हातारी सुईण. पाड्यातली निम्मी माणसे तिच्या हातावर जन्मलेली, म्हणून कुणालाही कुठेही थांबवून बोल लावण्याचा तिला अधिकार होता. ती अंगणात मोहाची सुकी फुले निवडत बसली होती. तिथली माणसे सगळ्यांनाच एकेरीत हाक मारत, आणि त्या एकेरीत मला कधी उणेपण वाटले नाही.

“बाई, तुझी शाळा घर आहं का?” तिने विचारले.

मी म्हणाले, चार भिंती आहेत, छप्पर आहे.

“भिंती तर गोठ्यालाही आहंत. चूल कठं पेटली? कणसरी कठं बसली? जठं कणसरी नाय, तठं पोर निजवत नाहीत.”

कणसरी म्हणजे धान्याची देवता. घरातल्या कणगीत, म्हणजे बांबूच्या विणलेल्या कोठारात, ती राहते. घरातली माणसे रानात गेली तरी निजलेल्या मुलावर तिचे लक्ष असते. ज्या घरात तिची वस्ती नाही तिथे बाळाची झोप उघड्यावर पडते. मी ऐकत होते, आणि शाळेच्या कोपऱ्यातली पोती मला आठवली. त्या वर्षांत हजेरी पुरी करणाऱ्या मुलांना घरी न्यायला सरकारकडून तांदूळ मिळायचा. मी विजयी स्वरात म्हणाले, की आमच्याकडे धान्य आहे, पोतीच्या पोती आहेत.

डोकरी इतकी हसली की तिच्या मांडीवरचे सूप कलंडले.

“तो तर कांडलेला, साल काढलेला. मेलेला तांदूळ, बाई. पोटाला चालतो. पण पेरून बघ, उगवतो का? जो दाणा स्वतः उठत नाय, तो पोयऱ्याची राखण काय करील?”

एका ओळीत एवढे काव्य मी पुस्तकांतही फार थोडे वाचले होते. मी विचारले, मग शाळेत कणसरी आणायची कशी? डोकरीने आकाशाकडे पाहिले, खाचरांकडे पाहिले. नवे भात येऊ दे, म्हणाली. आता घरातच कुणाकडे दाणा नाही. रिकाम्या मुठीने देवीला बोलवायचे नसते.

मग आम्ही भात पिकण्याची वाट पाहू लागलो. इतक्या आतुरतेने पिकाकडे पाहणारी शिक्षिका त्या तालुक्यात दुसरी नसेल. सांगी पुन्हा खिडकीशी येऊ लागली. मी माझी खुर्ची खिडकीजवळ सरकवली आणि चौथीचा फळा त्या बाजूच्या भिंतीवर आणला. भात पोटरीला आले, मग लोंब्या बाहेर पडून निसवले. लवकर पिकणाऱ्या हळव्या भाताच्या खाचरांवर आधी हिरवट, मग साखरेच्या पाकासारखा पिवळा रंग चढला. वाऱ्याबरोबर दुधाळ वास वर्गात यायचा, आणि मुले धडा वाचता वाचता मध्येच खोल श्वास घ्यायची. भूक आणि आनंद यांचा वास एकच असतो, हे मला तेव्हा उमगले.

दसऱ्याच्या पुढेमागे एका सकाळी शाळेत पोचले, तर दारात बायकांचा घोळका. कुणी आधी कळवले नव्हते, परवानगी तर दूरच. शेणाने जमीन सारवली जात होती; ओल्या शेणाला रानगवताचा थंड वास होता. एकीने भिंतीला गेरू फासला. तांदळाच्या पांढऱ्या पिठात काडी बुडवून दोघी जणी लग्नघराच्या भिंतीवर लिहितात तसा चौक लिहू लागल्या, आणि त्यांच्या बोटांखालून झाडे, मोर, गोल फेर धरलेली माणसे उमटू लागली. गुरुजी आले आणि उंबऱ्यावर थबकले. भिंत जिल्हा परिषदेची आहे, असे ते पुटपुटले. डोकरी म्हणाली, की मग परिषदेलाही लगीनघर दिसू दे. गुरुजींनी थोडा विचार केला, पिशवी खिळ्याला अडकवली, आणि वरच्या बाजूला हात पुरत नव्हता म्हणून त्या बायकांसाठी ते शिडी धरून उभे राहिले.

सांगीचा बाप लाडकू बांबूकामात तरबेज. त्याने शाळेसाठी हातभर उंचीची एक कणगी विणून आणली होती, शेणामातीने लिंपलेली, खेळण्यासारखी देखणी. एकेका घरची बाई पुढे आली आणि आपल्या खळ्यातले मूठभर भात तिने त्यात सोडले. सालीसकट, सोनेरी, टोचरे, उगवणारे. भाताची ती सळसळ मी आजही ऐकू शकते. गुरुजींनीही घरून भात आणवून टाकले. माझ्याकडे शेत नव्हते. मी संकोचून मागे उभी होते. सोमीने आपल्या सुपातली एक मूठ माझ्या ओंजळीत ओतली आणि कणगीकडे हनुवटीने खूण केली. व्हरांड्यात तीन दगडांची चूल पेटली, नव्या तांदळाचा भात रटरटला, आणि पळसाच्या पानावर घासघास साऱ्यांना मिळाला. मीठसुद्धा नव्हते त्यात. तसा भात मी पुन्हा खाल्लेला नाही.

त्याच दुपारी तुळयांना घरोघरच्या लुगड्यांच्या पाच झोळ्या लागल्या.

शाळेची लयच बदलली. झोळीची दोरी पायाच्या अंगठ्याला बांधून मुली पाटीवर लिहायच्या. हात अक्षरे काढी, पाय झोका देई, आणि दोन्ही कामे एकमेकांना अडवत नसत. कविता आपोआप संथ झाल्या, पाढे हिंदकळू लागले. गुरुजींचा खणखणीत आवाज इतका मऊ झाला, की दुसरीतल्या एकाने घरी जाऊन गुरुजी आजारी असल्याचे सांगितले आणि त्याची आई संध्याकाळी काढा घेऊन आली. सांगी खिडकीच्या आत आली. आता तिला गोष्टीतला मधला भाग ऐकू येत होता, आणि तो आपण रचलेल्या भागापेक्षा फिका आहे, असे तिचे स्पष्ट मत पडले.

दिवाळीच्या सुट्टीआधी विस्तार अधिकारी तपासणीला आले. घामाघूम, चढण चढून रागावलेले. लिहिलेल्या भिंती, कोपऱ्यातली कणगी, पाच झोळ्या एका नजरेत टिपून त्यांनी तोंड उघडले, आणि चौथीतल्या सगळ्या मुलींनी एकदम ओठांवर बोट ठेवले. लहानू नुकताच निजला होता. साहेबांनी तोंड मिटले. सबंध तपासणी त्यांनी कुजबुजत केली. प्रश्न कुजबुजत, उत्तरे कुजबुजत; साताचा पाढा तर असा हळुवार झाला, की स्वतः साहेबच डुलू लागले. जाताना ते मला व्हरांड्यात म्हणाले, “बाई, हे नियमात कुठे बसवायचं मला कळत नाही. मी ते पाहिलंच नाही असं धरा.” मग दोन पावले जाऊन परत आले आणि विचारले, की कणगीत खरेच भात आहे का. मी झाकण उघडून दाखवले. त्यांनी एक दाणा उचलला, दाताखाली फोडून पाहिला आणि समाधानाने मान हलवून निघून गेले.

खरी परीक्षा दिवाळीनंतर आली. भात झोडून झाले, की खळ्यांवर शांतता पडे आणि वीटभट्ट्यांचे ट्रक येऊ लागत. भट्टीवर जोडीने काम असते; एक चिखल तुडवणार, एक साचा मारणार. म्हणून नवराबायको जात, त्यांच्याबरोबर तान्हे बाळ जाई, आणि बाळाला सांभाळायला बाळाची बहीण. मुलीला भट्टीवर विटांसाठी नव्हे, झोळीसाठीच नेत. जूनमध्ये ती परत येई तेव्हा तिची पाटी कोरी झालेली असे. सांगी गेली असती तर चौथी बुडाली असती, आणि चौथीबरोबर आश्रमशाळा.

मी लाडकूशी बोलले होते, गुरुजी बोलले होते. तो नम्रपणे ऐकायचा आणि पायाच्या अंगठ्याने माती उकरायचा. त्याला तरी दुसरे काय सुचणार? गावाजवळ रोजगार हमीचे बांधाचे काम निघाले होते, पण सोमी बांधावर गेली तर दिवसभर तिच्या मनात लहानूच असणार, असे तो म्हणाला.

ट्रक भर दुपारी आला. वर्ग चालू होता. सांगी लहानूला घेऊन माझ्यापाशी आली, चेहरा कोरा. झोळीचे लुगडे परत आणायला आईने सांगितले आहे, म्हणाली. तिचा हात तुळईला पुरत नव्हता.

“बाई, गाठ सोडून दे.”

आधीच्या दोन मुलींच्या झोळ्या मी त्याच सकाळी सोडून दिल्या होत्या. त्या दोघी त्या ट्रकमधून गेल्या आणि पुन्हा माझ्या वर्गात बसल्या नाहीत. त्यांची रुखरुख अजून ओसरलेली नाही. मी स्टुलावर चढले. गाठीला हात लावला. बोटे इतकी हळू चालत होती, की गाठीचा एकच पेड सुटला होता, तेवढ्यात दारातून काठीचा आवाज आला.

“कोणाची झोळी उतरते?” ठकी डोकरीने विचारले. मी सांगितले. तिने एकदा माझ्याकडे, एकदा सांगीकडे पाहिले आणि तशीच वळून ट्रककडे निघाली. मी स्टुलावरून उतरून व्हरांड्यात आले. मागोमाग गुरुजी, मागोमाग चारी इयत्ता.

ट्रकमध्ये गोधड्या, टोपल्या, कोंबड्या आणि माणसे दाटली होती. सोमीचे बोचके वर चढले होते, ती अजून खाली उभी होती. मुकादम शेजारच्याच पाड्याचा, त्यामुळे त्यालाही डोकरीपुढे अदबीने उभे राहावे लागले.

“सोमीचं बोचकं उतरव,” डोकरी म्हणाली. “जिच्या हातून कणसरी बसली, तिनं पेरणीपर्यंत घर सोडायचं नाय. शाळेत पहिली मूठ तिची.”

पहिली मूठ कुणाची होती, हे मला आठवत नव्हते. हा नियमही मी कधी ऐकला नव्हता. आणि पुरुषांच्या चेहऱ्यांवरून दिसत होते, की त्यांनीही नव्हता. पण नाही म्हणायला कुणाची जीभ उचलेना. कणसरीचा प्रश्न होता.

मुकादम चाचरला. “डोकरे, जोडी ठरली आहं. आणि हा नियम कधीपासूनचा?”

“तू माझ्या हातावर पडलास, त्याच्या आधीपासूनचा. तू पालथा होतास, म्हणून तुला दिसला नाय.”

ट्रकमध्ये हशा पिकला. मुकादमही हसला, आणि हसला तिथेच तो हरला. लाडकूचा सडाफटिंग भाऊ एकटाच निघाला होता आणि त्याला जोडी नव्हती. कुणीतरी ते बोलून दाखवले. दोघा भावांची जोडी झाली. लाडकूने बायकोकडे पाहिले. सोमीने चाकावर पाय ठेवून वर हात घातला आणि आपले बोचके खाली ओढून घेतले. लाडकूने वरून एक गोधडी तिच्या अंगावर टाकली आणि तो ओठ दाबून हसत राहिला. माझी खात्री आहे, की त्याच्याही छातीवरचे काहीतरी उतरले होते.

ट्रक गेला. धूळ बसल्यावर मी डोकरीला हळूच विचारले, की हा नियम खरेच इतका जुना आहे का.

“आता झाला,” ती म्हणाली आणि काठी टेकत घराकडे गेली.

सोमी शाळेत आली. वर्ग भरलेला असताना प्रथमच उंबरा ओलांडून आत. सगळा वर्ग तिच्याकडे बघत होता. लहानूला तिने तिथेच, कणगीजवळ बसून पाजले, सावकाश. सांगी पाटी छातीशी धरून बाजूला उभी होती. आपण राहिलो की निघालो, हे तिला अजून कुणी सांगितले नव्हते.

मग सोमी स्टुलावर चढली. मी सैल केलेली गाठ तिने सोडली नाही. तिने ती पुन्हा आवळली, दातांनी ओढली, वर आणखी एक वेढा घातला. तेवढ्याने तिचे समाधान होईना. दोन्ही हातांनी झोळी धरून ती स्वतःच तिला लोंबकळली. सागाची तुळई करकरली, कौलांमधून धूळ पडली, आणि चारी इयत्ता खिदळू लागल्या. सोमीला हसू आवरेना. लटकल्या लटकल्याच, पाण्याला पाठवताना ज्या सुरात सांगते त्याच सुरात, ती लेकीला म्हणाली,

“बघत काय राहिलीस? वाच.”

सांगी फळ्यासमोर जाऊन बसली आणि वाचू लागली.